अकोले तालुक्यात नवे आहात? आधी तीन खोरी ओळखा

नव्या माणसाची पहिली चूक पत्त्यातच होते. अकोले म्हणजे अकोला नव्हे. अकोला विदर्भात आहे, तर अकोले अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर. तिकीट काढताना किंवा पार्सल मागवताना तालुका, जिल्हा आणि पिनकोड तिन्ही लिहा. अकोले शहराचा पिन ४२२६०१. जिल्हा नगरचा असला तरी पिन नाशिककडच्या ४२२ ने सुरू होतो, म्हणून कुणी तो चुकीचा समजून बदलत असेल तर बदलू देऊ नका. राजूरचंही तसंच. गणपतीसाठी प्रसिद्ध असलेलं राजूर जालना जिल्ह्यात आहे आणि इथलं राजूर वेगळं.

हे टिपण मुख्यतः नोकरीसाठी येणाऱ्यांकरता आहे: शिक्षक, आरोग्यसेविका, ग्रामसेवक, बँकेतले, संस्थांचे कार्यकर्ते. गड चढायला येणाऱ्यांसाठी शेवटी थोडं लिहिलं आहे.

पहिलं काम: नकाशावर रस्ते नव्हे, पाणी शोधा

तालुका सुमारे १५०० चौरस किलोमीटरचा आहे. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या २ लाख ९२ हजारांच्या आसपास होती. एवढा मुलूख डोक्यात बसवायचा सोपा मार्ग म्हणजे तालुक्याचा कोरा नकाशा घेऊन त्यावर आधी फक्त तीन नद्या काढायच्या: वर आढळा, मधे प्रवरा, खाली मुळा. तिन्ही पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि पुढे अकोले, संगमनेर करत प्रवरासंगमला गोदावरीत मिसळते. मुळा दक्षिणेच्या डोंगरांतून निघून कोतूळवरून खाली जाते आणि राहुरी तालुक्यात मुळा धरणात अडते. आढळा पट्टा किल्ल्याच्या बाजूने उतरते, देवठाणच्या धरणात थांबते आणि पुढे प्रवरेला मिळते.

मग या नद्यांच्या कडेने डोंगर काढा. उत्तरेला कळसूबाईची रांग: कुलंग, मदन, अलंग, १६४६ मीटरचं कळसूबाई शिखर (राज्यातलं सर्वांत उंच) आणि पुढे औंढा, पट्टा. प्रवरा आणि मुळा यांच्या मधे पाबरगडावरून संगमनेरच्या बाळेश्वराकडे जाणारी रांग. दक्षिणेला १४२४ मीटरच्या हरिश्चंद्रगडाची रांग, तिच्यापलीकडे जुन्नर तालुका. पश्चिमेला मात्र जमीन एकदम तुटते. तो कोकणकडा. खाली ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड तालुके.

एवढं काढलंत की इथली माणसं बोलतात ते कळायला लागतं. इथे माणूस "मी मुळा खोऱ्यातला" किंवा "आढळेकडचा" असं सांगतो. सोयरिक, बाजार, दवाखाना, राजकारण, सगळं खोऱ्याप्रमाणे चालतं. राजूरच्या भोवतालच्या डोंगरी पट्ट्याला जुनी माणसं डांगाण म्हणतात.

खोरं न पाहता काम आखलं की काय होतं, ते रतनवाडी आणि कुमशेतवरून समजेल. नकाशावर दोन्ही गावं शेजारी दिसतात. पण रतनवाडी प्रवरेच्या बाजूला, कुमशेत मुळेच्या, आणि मधे कात्राबाईचा डोंगर. पायवाटेने सवयीचा माणूस काही तासांत खिंड ओलांडतो, गाडीला मात्र राजूरकडून मोठा वळसा पडतो. एका दिवसात दोन्ही गावांत शिबिर लावणाऱ्याला दुसऱ्या गावात संध्याकाळीच पोचायची वेळ येते, आणि तोवर सकाळपासून बसलेली माणसं उठून गेलेली असतात. म्हणून एका दिवशी एकच खोरं घ्या.

दुसरं काम: पावसाचा उतार समजून घ्या

घाटघर, रतनवाडीकडे चांगल्या सालात पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. अकोले शहरात पाचशे-सहाशेच्या घरात. दोन्हींत अंतर पन्नासेक किलोमीटरचं. त्यामुळे तालुक्याचे दोन भाग पडतात. पश्चिमेला भात, नागली, वरई, खुरासणी. पूर्वेला ऊस, कांदा, टोमॅटो, सोयाबीन. तालुक्याच्या बैठकीत "पिकाची स्थिती" एका वाक्यात सांगितली तर ती कुणाच्याच शेताला लागू होत नाही.

पश्चिमेच्या गावांत एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन बाया ओढ्यात झरे उकरताना दिसतात, याचं नव्या माणसाला नवल वाटतं. कारण दगडात आहे. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर, आणि उतार तीव्र. पाणी मुरायला जागाच नाही, ते धावत धरणात जातं. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि त्यात ११ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्या पाण्यावर खालचे साखरपट्ट्यातले तालुके पिकले. त्याखाली निळवंडे धरण झालं. त्यात अकोल्यातल्याच गावांची जमीन गेली, आणि कालव्यांसाठी लोकांनी अनेक वर्षं वाट पाहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये डाव्या कालव्याचं जाळं लोकार्पण झालं. "तुमच्याकडे तर धरणंच धरणं" हे वाक्य इथे कधीही बोलू नका. ज्या घराची शेती पाण्याखाली आहे त्या घरात ते झोंबतं, आणि झोंबायलाच हवं.

घाटघरला पाण्याचा वेगळाच खेळ आहे. वरच्या धरणातलं पाणी बोगद्याने कोकणात सोडून वीज बनवतात आणि विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी परत वर चढवतात. दोन संच, मिळून २५० मेगावॉट. या भागात प्रकल्पाच्या रस्त्यांवर मुक्त फिरता येत नाही, ओळखपत्र जवळ ठेवा.

तिसरं काम: गाव नव्हे, वाडी

महसुली नोंदीत एक गाव असतं, जमिनीवर त्याच्या पाच-सात वाड्या. सर्वेक्षण, लसीकरण किंवा कर्जवाटप गावठाणात बसून केलं तर निम्मी घरं सुटतात. ग्रामपंचायतीत गेल्याबरोबर वाड्यांची यादी मागा आणि प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहून घ्या: गाडी कुठवर जाते, पुढे किती पायी, आणि पावसाळ्यात मधला ओढा ओलांडता येतो का. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. जूनमध्ये सुरळीत चाललेलं काम जुलैत बंद पडतं ते त्याच ओढ्यामुळे.

साधारणपणे खाचरांच्या, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतांच्या जवळ, सखल बाजूला महादेव कोळ्यांची घरं आणि वर पठारावर किंवा उतारावर ठाकरवाडी असते. हा नियम नाही, पण शोधताना उपयोगी पडतो.

चौथं काम: माणसं, आणि त्यांची नावं बरोबर लिहिणं

तालुक्याची जवळपास निम्मी लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे आणि विधानसभेची जागाही जमातींसाठी राखीव. पश्चिमेला महादेव कोळी बहुसंख्य, त्यांच्याखालोखाल ठाकर. पूर्वेकडे मराठा, माळी, धनगर, दलित, मुस्लिम अशी मिश्र वस्ती.

महादेव कोळ्यांचा समुद्रावरच्या कोळ्यांशी संबंध जोडू नका. हे डोंगरातले भातशेती करणारे लोक. "तुम्ही कोळी, मग मासेमारी करता का?" हा प्रश्न अनेकांनी अनेकदा ऐकलेला असतो. राघोजी भांगरे याच समाजातले, देवगावचे. सावकारी आणि इंग्रजी अंमलाविरुद्ध त्यांनी बंड उभारलं आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. हे नाव शाळेतल्या लहान मुलालाही माहीत असतं, तुम्हालाही असू द्या.

आता खास शिक्षकांसाठी आणि दाखले लिहिणाऱ्यांसाठी. अनुसूचित जमातींच्या यादीत नोंद "कोळी महादेव, डोंगर कोळी" अशी आहे. ठाकरांची "ठाकूर, ठाकर, का ठाकूर, का ठाकर, मा ठाकूर, मा ठाकर" अशी. पहिलीत प्रवेश देताना घाईत नुसतं "हिंदू कोळी" किंवा "हिं. ठाकूर" लिहून पान उलटलं, तर ती एक ओळ पुढे त्या मुलाचा पिच्छा सोडत नाही. जात पडताळणी समिती शाळेचं जुनं रजिस्टर पाहते. तिथे जमातीचं नाव अर्धवट असेल तर वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी किंवा नोकरी लागल्यावर त्या घराने जिल्ह्याच्या चकरा मारायच्या. म्हणून पालकांकडून वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मागून घ्या आणि जमातीचं नाव त्यात जसं आहे तसंच, पूर्ण लिहा. आडनावावरून अंदाज करू नका, एकच आडनाव वेगवेगळ्या समाजांत सापडतं. दाखला नसेल तर पालकांना तोंडी विचारा, लिहिलेलं वाचून दाखवा, मगच सही घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. या तालुक्यात शिक्षकाच्या हातून होणाऱ्या सर्वांत मोठ्या उपकारांपैकी ते एक आहे.

बोलताना "रामराम" चालतं, सगळीकडे. वयाने मोठ्या पुरुषाला बाबा किंवा मामा, बाईला मावशी किंवा आजी म्हणा. "अहो आजोबा, तुमचा आधार नंबर सांगा" असं उभ्या उभ्या सुरू करण्यापेक्षा पडवीत बसा, पाणी घ्या, मग विचारा. ठाकरी बोली किंवा डांगाणातली मराठी वेगळ्या हेलाची आहे. मुलं वर्गात तशी बोलली तर "शुद्ध बोल" म्हणून थांबवू नका. थांबवलेलं मूल पुन्हा हात वर करत नाही.

पाचवं काम: इथलं वर्ष भातावर चालतं

सरकारी कॅलेंडर एप्रिलला सुरू होतं. डांगाणातलं वर्ष राब भाजण्यापासून. राब म्हणजे भाताचं रोप तयार करण्यासाठी भाजलेली जमिनीची पट्टी. तिच्यावर शेणाचा थर, त्यावर झाडांच्या वाळक्या टहाळ्या, त्यावर गवत-पालापाचोळा आणि वर मातीचा पातळ थर देतात. वारा पडलेला असताना, वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात. म्हणजे आग धावत नाही, सरकत जाते आणि ऊब खाली मातीत उतरते. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राख मिळते. आग भरभर गेली तर वरचा पाला जळतो, तण मात्र जिवंत राहतं आणि रोपाबरोबर उगवतं. या दिवसांत डोंगरउतारावर धूर दिसला म्हणजे वणवा लागला असं समजून फोन करत सुटू नका, आधी विचारा.

जूनच्या पहिल्या पावसात राबावर पेरणी होते. तीन आठवड्यांच्या पुढे, म्हणजे जुलैत, रोप आवणीला (लावणीला) येतं. मोठ्या पावसाने खाचर भरलं की चिखलणी आणि लगेच आवणी. पावसाने ओढ दिली तर रोप राबातच निबर होतं. मग लावलं तरी फुटवे कमी येतात. त्यामुळे आवणीचे पंधरा-वीस दिवस अख्खं गाव शेतात असतं, सावडीने एकमेकांची खाचरं लावतं. या दिवसांत ग्रामसभा, मेळावा, प्रशिक्षण ठेवू नका. शाळेतली मोठी मुलंही गळतील. रागावण्यापेक्षा त्या आठवड्यांत नवा धडा घेणं टाळा.

कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. काळभात, रायभोग, जीरवेल अशा जुन्या वाणांची नावं तेव्हा ऐकू येतील. हे वाण टिकवण्याचं मोठं काम कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी केलं. घरात देशी बियाण्यांची बँक उभी करणाऱ्या या महादेव कोळी बाईंना २०२०चा पद्मश्री जाहीर झाला. तुम्ही कृषी विभागात असाल तर "सुधारित वाण" हा शब्द तिथे जपून वापरा.

दिवाळीच्या सुमारास वाघबारस येते. गुराखी घरोघरचं दूध-तांदूळ गोळा करून शिवेवरच्या वाघोबाला नैवेद्य दाखवतात. दगडावर कोरलेला शेंदूर फासलेला वाघ दिसला तर तो मैलाचा दगड नाही, त्यावर बसू नका. देवाच्या रानातली वाळकी काटकीही उचलू नका.

भात घरात आलं की स्थलांतर सुरू होतं. पश्चिमेची जोडपी नारायणगाव, ओतूरकडे बागायतीच्या मजुरीला जातात, काही नाशिककडे द्राक्षाच्या कामाला. घरी म्हातारी माणसं आणि शाळेची मुलं राहतात. काही मुलं आई-बापांबरोबर जातात. आरोग्यसेविकांनी गरोदर बायांची आणि पाच वर्षांखालच्या मुलांची यादी दिवाळीपूर्वीच पक्की करावी. कार्ड घरी ठेवू न देता सोबत न्यायला सांगावं आणि मुक्कामाचं गाव लिहून ठेवावं. जानेवारीत दाराला कुलूप पाहून "लाभार्थी गैरहजर" लिहिण्यात काही अर्थ नाही.

उन्हाळ्यात बाळहिरडा. झाडावरचं कोवळं फळ गोळा करून काळं, सुरकुतलेलं होईपर्यंत वाळवायचं. रोकड देणारं हे महत्त्वाचं वनोपज. अवकाळी पाऊस आला आणि वाळत घातलेला माल भिजला की बुरशी धरते आणि भाव पडतो. त्या हंगामात आभाळ भरून आलं तर तुमची बैठक अर्ध्यावर सोडून बाया पळतील. जाऊ द्या.

चैत्र-वैशाखात काही गावांत बोहाडा असतो, देवांचे मुखवटे घालून रात्रभर सोंगं नाचवतात. ठाकरांचा कांबडनाच वेगळा. बोलावलं तर जरूर जा, मोबाइलचा दिवा मात्र सोंगाच्या तोंडावर मारू नका.

बाजार, मापं आणि एसटी

अकोले, राजूर, कोतूळ, समशेरपूर, ब्राह्मणवाडा ही बाजाराची गावं. तुमच्या खोऱ्याचा बाजारवार पहिल्याच दिवशी विचारून घ्या. त्या दिवशी वाडीवर कुणी भेटत नाही, पण बाजारात अख्खं खोरं भेटतं. दहा वाड्यांना निरोप द्यायचा असेल तर बाजारात चहाच्या टपरीजवळ उभं राहा, संध्याकाळपर्यंत निरोप पोचतो.

घरगुती व्यवहारात धान्य अजून पायलीने मोजतात. चार शेर म्हणजे एक पायली. हे माप आकारमानाचं आहे, वजनाचं नाही, म्हणून पायलीभर भात आणि पायलीभर तांदूळ यांचं वजन सारखं भरत नाही. फॉर्मवर "किलो"च्या रकान्यात लोकांनी सांगितलेल्या पायल्या तशाच चढवल्या तर अख्ख्या गावाचं उत्पन्न चुकतं.

राजूरला जनावरांच्या बाजारात डांगी गाय-बैल जवळून पाहा. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके. कातडीवरून हात फिरवला की बोटांना तेलकट लागतं. त्या तेलामुळे पाऊस अंगावरून निथळून जातो, म्हणून पाच हजार मिलिमीटरच्या पावसात चिखलणीला हाच बैल टिकतो. राजूरचे पेढेही प्रसिद्ध आहेत, घरी जाताना घेऊन जा.

तालुक्यात रेल्वे नाही. मुंबईकडून इगतपुरी किंवा घोटी, मग कोल्हार-घोटी राज्यमार्गाने बारी, राजूर, अकोले. पुण्याकडून संगमनेरमार्गे, किंवा ओतूर-ब्राह्मणवाडा-कोतूळ. आतल्या गावांना बहुधा मुक्कामी एसटी असते. संध्याकाळी येते, रात्री गावात थांबते, पहाटे निघते. तिची वेळ तुमच्या दारावर लिहून ठेवा, कारण ती चुकली की दिवस गेला.

कायद्याच्या चार गोष्टी

पश्चिमेकडची गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे ग्रामसभेला जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. राज्याचे नियम २०१४चे. वाडीसुद्धा स्वतःची ग्रामसभा मागू शकते. गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क आहे. पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट मिळतो. ग्रामसेवकाने त्याचा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा, कागद फिरवून सह्या घेऊ नयेत.

जमीन घेण्याचा मोह होईल, धरणाचा देखावाच तसा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. साठेखत, कुलमुखत्यार, दुसऱ्याच्या नावावर खरेदी असे "मार्ग" सुचवणारे भेटतील. पैसे बुडतात आणि ज्याची जमीन आहे त्याचं घर मोडतं. ७/१२ वर भोगवटादार कोण आणि इतर हक्कांत काय शेरा आहे, हे आधी वाचा.

आश्रमशाळा, वसतिगृहं, आदिवासींच्या योजना यांचं काम राजूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून चालतं. पंचायत समिती आणि तहसील अकोल्यात. नवा माणूस नेमका उलट्या कार्यालयात रांग लावतो.

साप, बिबट्या, आणि गडावर येणारे

घोणस, नाग, मण्यार, फुरसं चारही इथे आहेत. पहिल्या आठवड्यात अकोले आणि राजूरच्या ग्रामीण रुग्णालयांत जाऊन सर्पदंशाची लस आहे का, रात्री कोण असतं, हे स्वतः विचारा. दंश झाला तर बांधणं, कापणं, भगताकडे नेणं यात वेळ घालवू नका. हात-पाय हलू न देता थेट रुग्णालयात न्या. आवणीच्या दिवसांत पायात गमबूट असावेत आणि रात्री हातात बॅटरी.

बिबट्या जंगलापेक्षा पूर्वेच्या उसात जास्त भेटतो. ऊसतोडणी सुरू झाली की त्याचा आडोसा जातो आणि तो वस्तीकडे सरकतो. त्या काळात मुलांना एकटं बाहेर पाठवू नका.

फिरायला येणाऱ्यांसाठी: कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. वनविभागाच्या नाक्यावर शुल्क भरा, पावती जपून ठेवा. कळसूबाईला बारीहून चढतात, वर लोखंडी शिड्या आहेत. पावसात त्या निसरड्या होतात आणि सुट्टीच्या दिवशी त्यांवर रांग लागते, म्हणून पहाटे निघा. नवरात्रात वाट देवीच्या भाविकांची असते. हरिश्चंद्रगडाला अकोल्याच्या बाजूने पाचनईची वाट सोपी. साम्रदजवळच्या सांधण दरीत पावसाळ्यात उतरू नका. वर लांब कुठेतरी पडलेल्या पावसाचं पाणी त्या अरुंद घळीत क्षणात भरतं आणि बाजूला चढायला जागा नसते. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदऱ्याभोवती काजवे असतात. गाडीचे दिवे बंद ठेवा, झाड हलवू नका, बाटलीत भरू नका. झाडावर दिसणारी लुकलुक ही त्यांची जोडीदाराला दिलेली खूण असते, दिव्याच्या झोतात ती दिसत नाही आणि पुढच्या वर्षीचे काजवे कमी होतात. गावात जेवण सांगायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा. तांदळाची भाकर, खुरासणीची चटणी, मिळाली तर रानभाजी. दुपारी अचानक दहा जण दारात उभे राहिलात तर त्या घराला पाणी आणायला पुन्हा झऱ्यावर जावं लागतं.